पात सोडायची नाही

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आठवड्यातला एक दिवस तिसऱ्या वर्षाच्या मुलींना घेऊन गावात जायचं असतं, कधी बारामती तालुक्यात, कधी इंदापूर. विषय बदलत राहतात. रक्तक्षय झाला, लसीकरण झालं, ओआरएस झालं. पण गेली काही वर्षं जमेल तिथे मी एकच विषय रेटते: आपली छाती आपणच कशी तपासायची.

अडतं ते शब्दापासूनच. पोस्टरवर ‘स्तन स्वपरीक्षण’ असं छापलेलं असतं. हा शब्द मोठ्याने उच्चारला की पुढच्या सुना पदर सावरतात आणि मागे खुसखुस सुरू होते. गावात बायका ‘छाती’ म्हणतात. पण छाती म्हटली की हृदयही आलं आणि खोकलाही. “छातीत काही त्रास?” असं विचारलं, तर निम्म्या जणी जिना चढताना लागणाऱ्या धापेबद्दल सांगतात. बाळाला ‘अंगावर पाजतात’, म्हणजे तिथे त्या अवयवाला वेगळं नावच नाही. ‘थान’ हा चांगला जुना शब्द आहे, म्हाताऱ्या तो बिनदिक्कत वापरतात, पण बारावी झालेल्या सुनेला तो गावंढळ वाटतो. शिव्यांमध्ये आणि व्हॉट्सॲपवरच्या फालतू विनोदांत या अवयवाला पाहिजे तेवढे शब्द आहेत. डॉक्टरला सांगायला मात्र सापडत नाही.

माझ्या पिशवीत सिलिकॉनचं एक मॉडेल असतं. आत वेगवेगळ्या आकाराच्या गाठी बसवलेल्या, काही वर, काही खोल. उजनीच्या फुगवट्याकडच्या एका गावात, शाळेच्या खोलीत, मी ते काढलं आणि नेहमीसारखा हशा पिकला. कोणी हात लावेना. शेवटी सत्तरीच्या एका आजींनी ते ओढून घेतलं, तळहातावर तोललं, तीन बोटांनी एका बाजूने चाचपलं आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, “दगडी झालीया हिला.”

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी: दगडी म्हणजे कासदाह. गाई-म्हशीच्या कासेचा एखादा भाग सुजतो, कडक होतो, दूध फाटतं. वेळेवर कळलं तर औषधाने बरं होतं, नाहीतर तो सड कायमचा आटतो. आपल्या भागात निम्म्या घरांचा चहा-साखरेचा खर्च डेअरीच्या पगारावर चालतो, त्यामुळे दगडी ही चेष्टेची गोष्ट नाही. पहाटे धार काढणाऱ्या बाईच्या हाताला ती दुधाच्या आधी कळते. दुधाने भरलेली कास आणि दुखणं आलेली कास यांतला फरक तिला कोणत्याही कॉलेजात शिकावा लागलेला नाही.

मी विचारलं, “कुणाकुणाला हाताने दगडी ओळखता येते?” जवळपास सगळे हात वर. मग विचारलं, “स्वतःच्या अंगावर असा हात कुणी फिरवून बघितलाय?” एकही नाही. आजीसुद्धा गप्प.

तेव्हापासून मी सुरुवात तिथूनच करते. माझ्या एका सहकारी बाईंना हे पटत नाही. बायकांना म्हशीच्या रांगेत बसवल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणतात. परिसंवादात त्यांचंच म्हणणं खरं ठरेल. शाळेच्या खोलीत मात्र त्या हातांना आपण आधीच काहीतरी जाणतो, हे कळणं मला जास्त कामाचं वाटतं.

पुढचं शिकवायला शेतीच कामाला येते. इंग्रजी पुस्तकांत उभ्या पट्ट्यांची पद्धत असते. काखेच्या मध्यापासून सुरुवात करायची, गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत उभं खाली यायचं, बोटभर सरकून पुन्हा वर जायचं, असं करत छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचायचं. गोल गोल फिरवण्यापेक्षा यात जागा कमी सुटते. हे मी आधी नकाशा काढून सांगायचे. आता म्हणते, “खुरपायला बसल्यावर पात धरता ना, तशी पात धरायची. मधली पात सोडायची नाही.” खुरपणीत पात सोडणारी बाई कुणालाच आवडत नाही, त्यामुळे हे लगेच पोचतं. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, मधल्या तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग वापरायचा. एकाच जागी तीनदा लहान गोल: आधी अलगद, मग जरा दाबून, मग बरगडीपर्यंत. उताणं झोपून, ज्या बाजूची छाती बघायची तो हात डोक्याखाली आणि त्या खांद्याखाली घडी केलेली चादर. पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, कारण आधी छाती जड आणि गुठळ्यागुठळ्यांची लागते. पाळी गेली असेल तर महिन्यातली कोणतीही एक तारीख. काख विसरायची नाही.

आणि डोळ्यांनीही बघायचं. कातडी एके ठिकाणी आत ओढली गेलीय का, मोसंबीच्या सालीसारखी झालीय का, बोंडी नव्यानेच आत गेलीय का, त्यातून आपोआप रक्त किंवा पाणी येतंय का.

इथे पत्रकाची पहिली पायरी आठवते: ‘आरशासमोर कमरेपर्यंत कपडे काढून उभ्या राहा.’ हे लिहिणाऱ्याच्या घरी पुरुषभर उंचीचा आरसा असणार आणि त्या खोलीला आतून कडी असणार. मी बघितलेल्या बहुतेक घरांत आरसा वीतभर असतो, चौकटीशेजारी खिळ्याला लटकवलेला, नवऱ्याच्या दाढीच्या उंचीवर. न्हाणी म्हणजे कधी पत्रे, कधी जुन्या साडीचा आडोसा. भरदिवसा दहा मिनिटं दार लावून झोपलेल्या सुनेला सासू हाक मारणारच. एकजण म्हणाली, “मॅडम, मला आंघोळीला पाच मिनिटं मिळत्यात, त्यातली दोन पाणी तापलं का बघण्यात जात्यात.” तिला मी सांगितलं, साबण लावतानाच बघ, ओल्या हाताला बरं कळतं. बाकी पायऱ्या तिने जमतील तशा कराव्यात.

माझ्या आत्याला यातलं काहीच कुणी शिकवलं नव्हतं. ती बारामतीच्या जिरायती पट्ट्यातली, ज्या बारामतीचे फोटो तुम्ही बघत नाही तिथली. बावन्नाव्या वर्षी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, असं ती नंतर सांगायची. ती तिने दहा महिने कुणालाच सांगितली नाही. आधी धाकट्याचं लग्न होतं, मग ज्वारी काढायला आली, मग पाऊस लांबला आणि घरात पैसाच नव्हता. “दुखत नव्हतं गं,” एवढंच ती म्हणायची. न दुखणारी गाठ ही जास्त दाखवण्यासारखी असते, हे तिला कोण सांगणार? दुखलं असतं तर ती चौथ्या दिवशी दवाखान्यात गेली असती. ती गेली तेव्हा कातडी ओढली गेली होती आणि काखेतही गाठी होत्या. मग परळचं टाटा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. त्या धर्मशाळेत तिला अख्खा महाराष्ट्र भेटला, तिथल्या मैत्रिणींची नावं ती शेवटपर्यंत घ्यायची. चार वर्षं जगली. तेव्हा मी नोकरीला नुकतीच लागले होते.

आता जरा अवघड भाग. गेल्या वर्षी परतीच्या एसटीत माझ्या एका विद्यार्थिनीने फोन पुढे केला. “मॅडम, यात लिहिलंय की स्वतः तपासून मृत्यू कमी होत नाहीत. मग आपण शिकवतो कशाला?”

तिने वाचलं होतं ते खरं आहे. चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांत १९८९ ते १९९१ या काळात एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५१९ कारखाने, २,६६,०६४ बायका. निम्म्या कारखान्यांतल्या बायकांना छाती तपासायला नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली, आठवण करून दिली. उरलेल्यांना शिकवलं नाही. दहा वर्षांनी मोजलं, तर शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५ मृत्यू झाले होते, न शिकवलेल्या गटात १३१. फरक शून्य. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठी जवळपास दुपटीने सापडल्या, म्हणजे तेवढ्या बायकांच्या मागे विनाकारण सुया, टाके आणि काळजी. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९५० मध्ये स्वपरीक्षणाची फिल्म काढून ती देशभर दाखवली होती, ती आता दर महिन्याच्या तपासणीची सरसकट शिफारस करत नाही.

एसटी भिगवणच्या पुढे निघेपर्यंत मी काही बोलले नाही. मग आत्याची गोष्ट सांगितली. आत्याला गाठ सापडली होती. गाठ बहुतेकींना सापडतेच, शिकवलं तरी आणि नाही शिकवलं तरी. शांघायच्या बायकांच्या कारखान्यांना स्वतःचे दवाखाने होते. गाठ लागली की दाखवायला जागा होती, आणि दाखवणाऱ्या बाईकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नव्हतं, असा माझा अंदाज. तिथे बोटांचं कौशल्य वाढवून आणखी काय हाती लागणार? आमच्याकडे बोट आणि दवाखाना यांच्यामध्ये दहा महिने पडतात. मला शिकवायचंय ते त्या दहा महिन्यांबद्दल. पात, तीन बोटं, साबण हे सगळं त्या विषयाकडे जायचा रस्ता आहे, कारण “लाजू नका, बोला” असं नुसतं म्हणून कोणी बोलत नाही. हाताला काम दिलं की तोंड उघडतं.

या म्हणण्याला आधार मला इंदापूरहून फार लांब नसलेल्या बार्शीत सापडतो. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची. खेड्यात दवाखान्याची कागदपत्रं कुठून मिळणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरायचे, माणसांत बसायचे, लक्षणं सांगायचे, कुणाला तसं काही आहे का विचारायचे. त्यांना हव्या होत्या नोंदी. काही वर्षांनी दिसलं ते असं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. कसलीही तपासणी मोहीम न करता, नुसत्या बोलण्याने. तो आजार वेगळा, हे मला मान्य आहे. पण गावं आमच्यासारखीच, आणि बायकाही.

दुसरा आधार मुंबईचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. वीसेक वर्षं पाठपुरावा करून २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आलं. हे मॅमोग्राफीचं यंत्र न वापरता, शिकवून तयार केलेल्या हातांनी. आजी हसल्या असत्या हे ऐकून.

आणि फरक किती पडतो? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू ९८ हजार. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्ण पावणेतीन लाखांच्या आसपास, मृत्यू सुमारे ४३ हजार. तिथे आजार जास्त, मरणं निम्म्याहून कमी. यातला बराचसा हिशोब उशिराचा आहे.

सरकारी कागदावर उशीर व्हायला नको. २०१६ पासून तिशीच्या पुढच्या सगळ्यांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी करायचं धोरण आहे. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरते. त्यात प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, आकारात बदल आहे का, रक्तमिश्रित स्राव होतो का. हे प्रश्न ती ओसरीवर विचारते. सासू तांदूळ निवडत बसलेली, दीर चप्पल घालत उभा. सगळ्या प्रश्नांचं उत्तर “नाही”. आशाताईला त्या दिवशी अजून वीस घरं करायची असतात. पुढे उपकेंद्रात हाताने तपासायला सांगितलेलं असतं, आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असले की बाई पाणी प्यायला जाते ती परत येत नाही. कोणाचा दोष म्हणून हे सांगत नाही. आशाताईच मला म्हणाली होती, “ओसरीवर ‘न्हाई’ म्हणलेली बाई विहिरीवर भेटल्यावर खरं सांगती. फॉर्म विहिरीवर न्यायला पाहिजे.”

सांगितलं म्हणजे सुटलं असंही नाही. आमच्या एका गावातली चौतीस वर्षांची बाई गाठ घेऊन खासगी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हात न लावता “दूध साठलं असेल” म्हणून गोळ्या दिल्या. तिचं धाकटं पोर सहा वर्षांचं होतं. तीन महिन्यांनी तिने तेच पुन्हा ऐकलं. म्हणून आता मी मुलींना ठोकून सांगते, तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही हे फोनवर वाचताय आणि घरात दवाखान्याचं गुगल करणारी व्यक्ती बहुधा तुम्हीच असणार. गाठीचा निकाल तीन गोष्टींनी लागतो: डॉक्टरच्या हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने घेतलेला तुकडा. आईबरोबर जा आणि पुढच्या दोन्ही गोष्टी कधी करायच्या ते विचारा. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी किती बायका बाहेरच्या बाहेर परतल्या असतील याची मोजदाद नाही. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

विशीतल्या मुलींनी मात्र गाठ लागली म्हणून रात्रभर जागू नये. त्या वयातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, बोटाखाली उंदरासारख्या निसटणाऱ्या. दाखवायच्या, पण घाबरून नाही. आणि मुलांनो, तुम्हीही. पुरुषांना हा आजार क्वचित होतो, पण होतो. एकदा शाळेच्या खिडकीतून ऐकणाऱ्या एका काकांनी सगळं संपल्यावर बाजूला बोलावून बनियन वर केलं होतं. निघालं काहीच नाही, चरबीची गाठ. पण सगळ्या गावात त्या दिवशी आपणहून विचारणारे ते एकटेच.

सगळ्यात कमी वेळ मिळतो तो ऊसतोडीच्या बायकांकडे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बारामती-इंदापुरात बीडकडच्या टोळ्या उतरतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. बायका पहाटे तीनला उठतात आणि फडावरून आल्यावर चूल पेटवतात. पत्रकातली एकही पायरी इथे लागू नाही. आरसा नाही, कडी नाही, उताणं पडायला मिळतं ते झोपेतच. मी मुलींना सांगते, मॉडेल पिशवीतच ठेवा. भाकरी थापणाऱ्या बाईशेजारी बसायचं आणि बोलायचं.

मागच्या हंगामात अशीच एक बसली होती, पस्तिशीची असेल. पाळीच्या सातव्या दिवसाचं मी सांगत होते, तेव्हा ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, “माझी पिशवी काढल्याली हाय. मला कुठला सातवा दिस?” २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. बातमीतली बाई समोर भाकरी उलटवत असली की आपलं वाक्य मध्येच राहतं. मी म्हटलं, कोणताही एक दिवस धर. तिने अमावस्या धरली, ती लक्षात राहते म्हणून.

मग तिनेच पुढचं विचारलं. “आन् हितं असताना गावली, तर हितं दाखवायची का गावाकडं जाऊन? आमचं पट्टा पडस्तवर जायाचं न्हाई.” पट्टा पडायला तेव्हा तीन महिने होते. मी म्हटलं, इथेच, दुसऱ्याच दिवशी. जवळच्या उपकेंद्राच्या सिस्टरचा आणि आशाताईचा नंबर द्यायला मी कागद काढला, तर ती नको म्हणाली. फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि कागद चुलीत जातो. तिने पिठाचा डबा ओढला, झाकण पदराने पुसलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. “हितं लिवा. आतनं. हितं माझ्याशिवाय कुणी बघत न्हाई.”

मार्कर माझ्या विद्यार्थिनीकडे होता. तिने लिहिलं, फुंकर घालून वाळवलं. तोवर शेजारच्या दोन कोप्यांमधून झाकणं आली होती.